विहीणबाईंसाठी मुदतवाढ

काकूंची बॅग निम्मी भरून झाली होती आणि परतीचं विमान आठवड्यावर आलं होतं. नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई न्हाणीघरात घसरून पडल्या.

काकू म्हणजे या घरातल्या सुनेची आई. सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे गेली, त्यामुळे गावात लहानथोर सगळे त्यांना पोस्टातल्या काकू म्हणत. मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या जावयाची आई. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मुख्याध्यापिकेला शाळेत मोठ्या बाई म्हणायची पद्धतच आहे, पण हे नाव त्यांना असं चिकटलं की दूधवाल्यापासून नातेवाइकांपर्यंत कुणीच त्यांना दुसरं काही म्हणेना. काकूही मनातल्या मनात मोठ्या बाईच म्हणत, फक्त तोंडावर विहीणबाई.

परदेशात राहणाऱ्या लेक-जावयाला मुलगी झाली. तिचा चेहरा इतका वाटोळा की पहिल्याच दिवशी तिचं नाव गुंडी पडलं. टुरिस्ट व्हिसावर आधी काकूंनी यायचं, त्यांची मुदत संपत आली की मोठ्या बाईंनी, असं ठरलं होतं. मध्ये दोन आठवडे दोघी एकत्र. काकूंच्या भाषेत हे दोन आठवडे चार्ज देण्याघेण्याचे.

चार्ज देणं मात्र सोपं गेलं नाही. गुंडीला तेल कसं लावायचं, रडताना कोणत्या खांद्यावर घ्यायची, कपडे धुवायच्या यंत्राचं कोणतं बटण दाबायचं नाही, हे काकू मन लावून सांगत. मोठ्या बाई सगळं ऐकून घेत, "हं" म्हणत आणि आपल्याच पद्धतीनं करत. त्यांच्या त्या "हं"मध्ये शाबासकी आहे की शून्य मार्क, हे काकूंना कधी कळलं नाही. त्यात घरात कुणी "आई" अशी हाक मारली की दोन मुंड्या एकदम वळायच्या.

काकूंच्या मनात जुनी अढी होतीच. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी पत्रिकेचा मजकूर विहीणबाईंकडे दाखवायला पाठवला होता. तो लाल शाईनं ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून परत आला आणि वर शेरा: 'काळजीपूर्वक वाचावे.' चुका खऱ्या होत्या, म्हणूनच जास्त झोंबल्या. आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचून वाचून डोळे गेले, आणि ही बाई मला वाचायला शिकवते, असं त्या तेव्हा नवऱ्याला म्हणाल्या होत्या.

तर अशा या मोठ्या बाई ओल्या फरशीवरून घसरल्या. पडतानाही ओरडल्या नाहीत. काकूंना काहीतरी धप्प झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ शांतपणे सांगितल्यासारखं ऐकू आलं, "जरा कुणीतरी इकडे या."

डाव्या पायाचं हाड मोडलं होतं. उजवा हात टेकला म्हणून मनगटही मुरगळलं. इस्पितळातून परत आल्या त्या गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालूनच. पाय जमिनीला लावायचा नाही, आणि इतक्यात विमानप्रवासाचं नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आता पंचाईत झाली. लेकीची रजा संपून ती कामावर रुजू झालेली. जावई एका छापखान्यात यंत्रं सांभाळायचा, त्याच्या पाळ्या बदलत्या. जिनं गुंडीला सांभाळायचं तिलाच आता सांभाळायला माणूस हवं होतं. रात्रीच्या जेवणाला सगळे ताटात बघून जेवत होते. काकूंना विचारायचं सगळ्यांच्या ओठावर होतं, पण विचारणार कोण? लेकीला वाटे, आईनं इतके महिने काढले, तिला अजून किती ताणायचं. जावयाला संकोच. आणि मोठ्या बाई, ज्यांनी नाकावर कधी माशी बसू दिली नाही, त्यांनी विचारणं तर शक्यच नव्हतं. उलट भाताचा शेवटचा घास झाल्यावर त्यांनीच जाहीर केलं, "विहीणबाईंच्या तिकिटात काही बदल करायचा नाही. माझं मी बघेन."

कसं बघणार, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी घरी फोन लावला. त्यांना खरं तर जायचं होतं. आपलं अंथरूण, आपला गॅस, सकाळी दार उघडलं की ओळखीचं माणूस दिसणं, याची त्यांना भूक लागली होती. नवरा तिकडे एकटाच होता, आणि पहिले काही दिवस तर जिरं कुठल्या डब्यात आहे हे विचारायला रोज फोन करत होता.

"काय करू सांगा," काकू म्हणाल्या, "इकडे आड आणि तिकडे विहीण, अशी गत झालीय माझी."

काका खो खो हसले. मग म्हणाले, "रहा की मग. माझं इथे झकास चाललंय. काल कढी केली, फुटलीसुद्धा नाही."

काकूंनी फोन ठेवला. दिलासा वाटायला हवा होता, पण कुठेतरी टोचलं. जिरं विचारणारा माणूस कढी करायला लागला, तीही न फुटणारी. आपल्यावाचून अडत नाही हे ऐकायला कुणाला आवडतं?

निर्णय झाला तो त्यानंतर दोन दिवसांनी, आणि तोही न बोलता. लेक-जावई कामावर गेले होते, गुंडी झोपली होती. काकू धुतलेले टॉवेल ठेवायला मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या, तर त्या पलंगाच्या काठावर पाठमोऱ्या बसलेल्या. पुढ्यात पाण्याचं भांडं. डाव्या हातानं ओला पंचा मानेवरून फिरवायचा त्यांचा खटाटोप चालला होता आणि पाणी सगळं चादरीवर सांडत होतं. घरातल्या गाऊनची बटणं एकाआड एक चुकलेली. ज्यांनी हजारो मुलींच्या वेण्यांच्या रिबिनी तपासल्या, त्यांच्या स्वतःच्या केसांचा गुंता होऊन खोपा झाला होता. पडल्यापासून त्यांनी आंघोळ केली नव्हती. मुलानं मदत करू का विचारलं तेव्हा त्याला फटकारलं होतं, सुनेला "तुला उशीर होईल" म्हणून परत पाठवलं होतं.

काकूंनी गरम पाणी आणलं, दार लोटलं, प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि पाठ चोळायला घेतली. मोठ्या बाई आधी आखडल्या. मग हळूहळू खांदे सैल झाले. केस विंचरायला काकूंना बराच वेळ लागला. गुंता ओढला गेला की त्या आपोआप "अगंअगं" म्हणत, जशा लेकीला म्हणायच्या. वेणी झाल्यावर मोठ्या बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "उद्या जरा सैल घाल."

'घाला' नाही, 'घाल'. काकूंच्या ते लगेच लक्षात आलं. तसंच 'उद्या' हेही.

संध्याकाळी जावई आल्यावर काकूंनी त्याला सांगितलं, "अहो, माझा व्हिसा वाढवून मिळतो का बघा."

तो इतका मोकळा झाला की जेवण तसंच टाकून संगणकापुढे बसला. इथे राहूनच मुदत वाढवून घेता येत होती, पण अर्ज जुनी मुदत संपायच्या आत करायला हवा होता, प्रत्यक्ष जाऊन. त्याच्या छापखान्यातल्या एकाचा मेहुणा असली कागदपत्रांची कामं करायचा. त्यानं फोनवरच सल्ला दिला: घरी आजाऱ्याचं करायला राहतेय असं चुकूनही बोलायचं नाही. पर्यटकाला काम करायची परवानगी नसते, आणि सेवा म्हणजेही काम आहे असं कुणी धरलं तर अर्ज जागच्या जागी उडेल. सरळ सांगायचं की तुमचा देश फार सुंदर आहे, अजून बघायचा राहिलाय.

मग काकूंची शिकवणी सुरू झाली. जावई तीन ठिकाणांची नावं पाठ करून घेऊ लागला: एक तळं, एक संग्रहालय, एक जुना पूल. काकूंची जीभ त्या नावांवर अडखळे. पलंगावरून मोठ्या बाई उच्चार सुधारत. "संग्रहालयाचं नाव म्हणताना ओठ मिटू नकोस," अशा सूचना देत. बोलताबोलता एकदा त्या म्हणाल्या, "मीच येते चाकाच्या खुर्चीतून. त्या अधिकाऱ्यांशी मी बोलते."

"नको," काकू म्हणाल्या, "तुम्ही त्यांचं शुद्धलेखन काढाल."

मोठ्या बाई पहिल्यांदा हसल्या. चांगल्या पोट धरून हसल्या, मग मनगट दुखलं म्हणून थांबल्या.

ठरलेल्या दिवशी जावयानं सुट्टी काढली. कार्यालय म्हणजे एक लांबलचक दालन, भिंतीला टेकून खुर्च्यांच्या रांगा, वर नंबर दाखवणारी लाल आकड्यांची पाटी. काकू दारातून आत शिरल्या आणि त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तोच कागदांचा वास, तेच वैतागलेले चेहरे, आणि काचेपलीकडे बसलेल्यांचा तोच, समोरच्याकडे न बघता बघण्याचा सराव. नंबर लागला तेव्हा समोर एक पन्नाशीची बाई होती. खुर्चीवर पाठीला उशी घेतलेली, बाजूला चहा गार झालेला. कंबर दुखते हिची, काकू मनात म्हणाल्या.

घरच्या माणसाला भाषांतर करू देत नाहीत असं कळलं. जावयाला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि त्या बाईनं टेबलावरच्या फोनवर दुभाषी लावला. कुठूनतरी एका पुरुषाचा मराठी आवाज आला, "नमस्कार काकू, बोला."

बाईनं विचारलं, मुदत कशासाठी वाढवून हवी आहे?

काकूंनी तोंड उघडलं. तळं, संग्रहालय आणि पूल तिन्ही जिभेवर तयार होते. पण खिडकीच्या त्या बाजूला बसून त्यांनी इतकी वर्षं पाठ केलेली उत्तरं ऐकली होती, की असलं उत्तर दुसऱ्या शब्दालाच कसं ओळखू येतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. खरं बोलणारा माणूस अडखळतो, पाठ केलेला अडखळत नाही. काकू आता दोन्हीकडून अडकल्या. त्यांनी एकदा मागे वळून जावयाकडे पाहिलं. तो ओठांनी 'तळं, तळं' म्हणत होता.

"माझ्या विहिणीचा पाय मोडलाय," काकू म्हणाल्या.

दुभाषी हळूच म्हणाला, "काकू, विहीण हे यांना कसं सांगू? यांच्यात शब्दच नाही."

"मुलीची सासू म्हणा."

त्यानं सांगितलं. बाईनं भुवया आकसल्या, पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं, या वेळी लांबण लावून. एका शब्दाला चार वाक्यं लागली. बाईनं कागदावर दोन गोल काढले, मध्ये रेघ ओढली आणि विचारलं, म्हणजे तुमचं त्यांच्याशी रक्ताचं नातं नाही?

"नाही."

लग्नाचंही नाही?

"आमच्या मुलांचं आहे."

मग त्यांची काळजी तुम्ही का घ्यायची?

खरंच, का? मागे रांगेतलं कुणीतरी खाकरलं. काकू म्हणाल्या, "त्या आंघोळ दुसऱ्या कुणाकडून करून घेत नाहीत."

दुभाष्यानं हे तसंच सांगितलं असावं, कारण बाईनं लेखणी खाली ठेवली. मग तिनं भराभर प्रश्न विचारले. मूल कोण सांभाळतं? कामावर नसते तेव्हा मुलगी, पाळी नसते तेव्हा जावई, आणि आजी म्हणून जेवढं होतं तेवढं मी. याचा काही मोबदला मिळतो?

"कसला मोबदला," काकू म्हणाल्या, "माझे उच्चार सुधारून मिळतात."

फोनमधला आवाज हसू दाबत होता हे काकूंना स्पष्ट कळलं. बाई हसली नाही, पण तिचा स्वर जरा उतरला. ती म्हणाली की घरच्या माणसाच्या आजारपणासाठी मुदत मागता येते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण डॉक्टरचं पत्र लागेल, प्लास्टर कधी निघणार ते त्यात हवं. ते कुठे आहे?

ते अर्थातच घरी होतं. त्या मेहुण्याच्या सल्ल्यानं मुद्दाम मागे ठेवलं होतं. जावई ताडकन उठला आणि बाहेर जाऊन त्यानं बायकोला फोन लावला. ती अर्ध्या कामातून घरी पळाली, तिनं पत्राचा फोटो पाठवला. जावयानं समोरच्या गल्लीतल्या दुकानातून तो कागदावर काढून आणला. तोवर काकू खुर्चीवर बसून होत्या, कार्यालय बंद व्हायच्या बेतात आलं होतं. खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावायची वेळ झाली की हात कसे शिवशिवतात हे त्यांना माहीत होतं. पण बाईनं पाटी लावली नाही. पत्र घेतलं, नीट वाचलं, शिक्का मारला आणि एक पावती दिली. निर्णय टपालानं घरी येईल. तोपर्यंत ही पावती असली की तुम्ही इथे रीतसर आहात.

बाहेर आल्यावर जावई बस थांब्यापाशी म्हणाला, "आई, तुम्ही ते तळ्याचं का नाही बोललात?"

"तुमच्या आईंचा पाय मोडला असताना मी तळं बघत फिरेन असं कुणाला खरं वाटलं असतं?" काकू म्हणाल्या.

जाण्याचा दिवस आला आणि गेला. विमान काकूंना न घेताच उडालं. पुढचे दिवस टपालाची वाट बघण्यात चालले. इमारतीच्या तळमजल्यावर पत्रपेट्यांची रांग होती. पोस्टमन दुपारी यायचा. काकू गुंडीला खांद्यावर घेऊन तिथे जाऊन उभ्या राहत. तो पत्रं भराभर कुठे टाकतो, कोणतं पुन्हा काढून दुसऱ्या पेटीत घालतो, हे त्या कसबी नजरेनं बघत. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो त्यांना मान हलवून 'नाही' म्हणायला लागला. एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नाही, पण धंदा एकच.

घरात दोघींचा एक क्रम बसून गेला होता. सकाळी आंघोळ, वेणी, मग गुंडीचं तेल. मोठ्या बाई पलंगावरून डाव्या हातानं खुळखुळा वाजवत. दुपारी गुंडी झोपली की पत्ते. रमी खेळताना काकूंना एक धक्कादायक शोध लागला: मोठ्या बाई लबाडी करत. अगदी सहज, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, टाकलेलं पान परत उचलत. काकूंनी दोन-तीन दिवस पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग एकदा म्हणाल्या, "विहीणबाई, शाळेत मुलींना यासाठी काय शिक्षा करायचात?"

"पकडल्या गेल्या तरच करायचे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि पान खाली ठेवलं.

एका दुपारी मात्र त्या पत्ते पिसता पिसता थांबल्या. "नाही म्हणाले तर?" त्यांनी विचारलं. "तुला जावं लागलं तर?"

काकू म्हणाल्या, "गेले तर गेले. तोपर्यंत तुमचा पाय थोडा तरी सांधेल."

"पायाचं नाही विचारत," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि पानं वाटायला लागल्या. पानं एकीला जास्त, एकीला कमी गेली. काकूंनी मोजायचं टाळलं.

लिफाफा आला तो एका पावसाळी दिवशी. पोस्टमननं लांबूनच तो हवेत उंच धरला. तीन महिने मागितले होते, त्यातला निम्माच काळ मिळाला होता, पण प्लास्टर निघून पाय टेकायला लागेपर्यंत तेवढा पुरत होता. काकूंनी पोस्टमनचे दोन्ही हात धरून हलवले. गुंडी दोघांच्या मध्ये सापडून किंचाळली.

त्यांनी घरी फोन करून सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "बरं झालं. चांगलं झालं." आणि मग, "ती निळी चादर कुठे आहे गं?"

निळी चादर तर दारामागच्या दोरीवरच असते, कायमची. काकूंनी तरीही शांतपणे सांगितलं, दारामागे बघा. आणि मग कुठलंही काम नसताना बराच वेळ फोन चालू ठेवला. तिकडून कढीचा विषय निघाला नाही, इकडून काकूंनीही काढला नाही.

प्लास्टर निघालं. पाय बारीक आणि पांढरा पडला होता, वाळलेल्या शेंगेसारखा. काकू तेल लावून तो चोळत, आणि मोठ्या बाई कुबडी घेऊन भिंतीच्या कडेकडेनं चालायला शिकल्या. एकदा कुबडी खोलीतच विसरून त्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचं त्यांनाच कळलं नाही. काकूंनी गुंडीला त्यांच्या हातात दिलं. मोठ्या बाईंनी तिला बरोबर त्याच खांद्यावर घेतलं, ज्यावर ती रडायची थांबते.

काकूंनी त्याच संध्याकाळी बॅग काढली.

निघायच्या दिवशी लेक रडली, जावयानं बॅगेचं वजन तीनदा केलं. मोठ्या बाई दारापर्यंत चालत आल्या, काकूंच्या पदराची निघालेली पिन त्यांनी नीट लावून दिली आणि म्हणाल्या, "पोचलीस की कळव." काकूंना वाकून नमस्कार करावा की काय कळेना. दोघींचं वय जवळजवळ सारखं. शेवटी त्यांनी मोठ्या बाईंचा बरा झालेला हात नुसता दाबला आणि जिना उतरायला लागल्या. विमानतळावर एका तरुण मुलानं वाढीव मुदतीचं पान उघडलं, तारीख पाहिली, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

घरी आल्यावर काही दिवस सकाळचा चहा काकाच करत राहिले. काकूंनी हरकत घेतली नाही.

परदेशातून फोन मात्र वाढले. रोज दुपारी, गुंडी झोपल्यावर. आधी गुंडीचं दात येणं, मग पायाची सूज, मग इकडच्या तिकडच्या चौकशा, नंतर तर काही विषयच लागेना. काका पेपर वाचता वाचता ऐकत आणि हसत. एकदा लेकीनं बऱ्याच दिवसांनी स्वतः फोन केला आणि तक्रारच केली, "आई, मी कधीही लावला तरी तुझा फोन चालूच. बोलतेस तरी कुणाशी एवढी?"

"तुझ्या सासूशी," काकू म्हणाल्या. "आता ठेव, तिचा येईल."